संगणकशास्त्रज्ञ आणि उद्योगक्षेत्रातील संशोधन-पद : नाशिकच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
संगणकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण अथवा पीएच.डी. पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर अध्यापन व सॉफ्टवेअर-निर्मिती हे दोन परिचित मार्ग असतात. उद्योगसंस्थेच्या संशोधन प्रयोगशाळेतील पद हा तिसरा मार्ग असून जिल्हास्तरावरील महाविद्यालयांत त्याविषयी पुरेशी माहिती आढळत नाही. प्रस्तुत लेखात या पदाचे स्वरूप, निवडीची पद्धती, प्रकाशन व गुप्तता यांमधील ताण आणि नोकरीतील अस्थैर्य यांचे विवेचन केले आहे. मूळचे नाशिकचे डॉ. रमेश रासकर व मराठी कुटुंबात जन्मलेले डॉ. नरेंद्र करमरकर यांच्या कार्याचा त्यासाठी आधार घेतला असून, शेवटी महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या भूमिकेचा विचार केला आहे.

महत्त्वाचे शब्द : औद्योगिक संशोधन, संगणकशास्त्र, पेटंट, शिफारसपत्र, नाशिक.

१. प्रस्तावना

नाशिक शहरातील द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग व नाशिक-पुणे रस्ता एकमेकांना मिळतात. नाशिक परिसरातील अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांतून पदवी घेतलेले असंख्य विद्यार्थी गेल्या काही दशकांत याच चौकातून पुण्याकडे किंवा मुंबईकडे गेले. त्यांपैकी बहुसंख्य सॉफ्टवेअर कंपन्यांत रुजू झाले, काही अध्यापनाकडे वळले. संगणकशास्त्रातील नवे ज्ञान निर्माण करणे हेच ज्याचे काम आहे, अशा औद्योगिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलेल्यांची संख्या मात्र अल्प आहे.

या अल्पतेचे कारण केवळ गुणवत्तेच्या अभावात शोधणे योग्य होणार नाही. असे पद असते, त्यासाठी वेगळी तयारी लागते आणि ती पदवीच्या काळातच सुरू व्हावी लागते, ही माहिती विद्यार्थ्यापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, हेही एक महत्त्वाचे कारण आहे. विद्यार्थ्याला ही माहिती देऊ शकणारी सर्वांत जवळची व्यक्ती त्याचा प्राध्यापक होय. या दृष्टीने सदर विषयाचे विवेचन उपयुक्त ठरावे.

२. संशोधन-पदाचे स्वरूप

सॉफ्टवेअर अभियंता आणि औद्योगिक संशोधक हे दोघेही एकाच कंपनीचे वेतन घेत असले, तरी त्यांच्या कामाच्या मूल्यमापनाचे निकष भिन्न असतात. अभियंत्याला दिलेली गरज ठरलेल्या मुदतीत पूर्ण करावयाची असते. संशोधकाला मात्र प्रश्नच निवडावा लागतो. त्याचे उत्तर अस्तित्वात आहे किंवा नाही हे प्रारंभी कोणालाच ठाऊक नसते. त्याच्या कामाचे फलित शोधनिबंध, पेटंट, प्रायोगिक नमुना किंवा कंपनीच्या उत्पादनात समाविष्ट झालेली पद्धती अशा विविध रूपांत मोजले जाते.

या व्यवस्थेला मोठा इतिहास आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळा १९२५ मध्ये स्थापन झाली. १९४७ मधील ट्रान्झिस्टर, १९४८ मधील क्लॉड शॅनन यांचा माहिती-सिद्धान्त व १९६९ मध्ये आकारास येऊ लागलेली युनिक्स कार्यप्रणाली ही तिची फलिते होत. आज प्रत्येक महाविद्यालयात शिकविल्या जाणाऱ्या संबंधात्मक विदागाराची, म्हणजे रिलेशनल डेटाबेसची, संकल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना मांडली. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा बराच भाग अशा रीतीने विद्यापीठांबाहेर निर्माण झालेला आहे, ही बाब अध्यापन करताना सहसा नजरेआड होते.

३. महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

भारतात संगणकविषयक संशोधनाचा आरंभ प्रामुख्याने शासकीय संस्थांतून झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले व डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला.

उद्योगक्षेत्रातील संशोधनाच्या दृष्टीने १९८१ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने पुण्यात टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्र उभे राहिले. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीबरोबरच पदार्थविज्ञान व प्रक्रिया अभियांत्रिकी या शाखांतील संशोधक तेथे एकत्र काम करीत. भाताच्या तुसाच्या राखेपासून पाणी शुद्ध करण्याची पद्धती ही याच केंद्राची देणगी आहे. सेवा विकणाऱ्या कंपनीने संशोधनावर खर्च का करावा, हा प्रश्न त्या काळी स्वाभाविक होता. सॉफ्टवेअर तयार करण्याची प्रक्रियाच संशोधनाचा विषय होऊ शकते, हे या केंद्राने दाखवून दिले.

पुण्यातील दुसरे उदाहरण कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहातील कंपनीचे आहे. तिने उभारलेला एका हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानी होता. महाराष्ट्राबाहेर आयबीएमने १९९८ मध्ये दिल्लीत व मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये बंगळुरू येथे संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. परिणामी, संशोधन-पदासाठी परदेशी जाणे हा एकमेव पर्याय राहिला नाही.

४. नाशिक ते केंब्रिज : डॉ. रमेश रासकर

डॉ. रमेश रासकर हे मूळचे नाशिकचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील संगणकशास्त्र विभागातून २००२ मध्ये पीएच.डी. संपादन केली. त्यापूर्वीच, म्हणजे २००० मध्ये, ते मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील मित्सुबिशी इलेक्ट्रिक रिसर्च लॅबोरेटरीज या प्रयोगशाळेत दाखल झाले होते. संक्षेपाने मर्ल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगशाळेत त्यांनी २००८ पर्यंत काम केले व त्यानंतर ते मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले.

औद्योगिक संशोधन म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी त्यांच्या मर्लमधील एका कामाचे उदाहरण पुरेसे आहे. २००४ च्या सिग्राफ परिषदेत त्यांनी सहकाऱ्यांसह बहु-फ्लॅश कॅमेऱ्याविषयीचा शोधनिबंध सादर केला. छायाचित्रात वस्तूची खरी कडा कोणती आणि पृष्ठभागावरील रंगाची रेघ कोणती, हे ओळखणे संगणकाला अवघड जाते. रासकर व सहकाऱ्यांनी भिंगाभोवती चार बाजूंना चार फ्लॅश बसविले आणि प्रत्येक फ्लॅशच्या प्रकाशात एक छायाचित्र घेतले. वस्तूच्या खऱ्या कडेलगत पडणारी बारीक सावली प्रत्येक फ्लॅशनुसार बाजू बदलते, परंतु पृष्ठभागावरील रेघ अशी सावली पाडत नाही. चारही चित्रांची तुलना केली की खऱ्या कडा वेगळ्या होतात. सर्वसाधारणपणे दोष मानल्या गेलेल्या सावलीचा उपयोग येथे माहितीचा स्रोत म्हणून करण्यात आला.

हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचे स्वरूप संगणकीय चित्रणातील एक नवी कल्पना एवढेच होते. पुढे मर्लमधील संशोधकांनी हीच पद्धती औद्योगिक यंत्रमानवासाठी वापरली. पेटीत अस्ताव्यस्त पडलेल्या, चकचकीत धातूच्या सुट्या भागांतून नेमका एक भाग उचलण्यासाठी यंत्रमानवाला त्या भागाच्या कडा दिसणे आवश्यक असते. कारखान्यांसाठी यंत्रमानव तयार करणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने हा प्रश्न थेट व्यवसायाशी निगडित होता. प्रकाशनयोग्य कल्पना, तिची सार्वजनिक मांडणी आणि काही वर्षांनी होणारा तिचा औद्योगिक उपयोग हा क्रम लक्षात घेतला, म्हणजे कंपनी संशोधकास प्रश्न निवडण्याचे स्वातंत्र्य का देते, हे स्पष्ट होते.

या उदाहरणातील आणखी एक गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. सदर शोधनिबंधाचे एक सहलेखक त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत संशोधक विद्यार्थी होते व त्यांचे मार्गदर्शकही सहलेखकांत होते. औद्योगिक प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यातील ही देवाणघेवाण पुढील नोकरीचा पाया घालते. रासकर यांना २०१६ मध्ये पाच लाख डॉलरचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला.

५. निवडीची पद्धती

संशोधन-पदाची निवड सर्वसाधारण भरतीपेक्षा वेगळ्या पद्धतीने होते. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

अ) अर्ज : अर्जासोबत व्यक्तिवृत्त, प्रकाशनांची यादी, संशोधन-निवेदन व तीन किंवा अधिक तज्ज्ञांची शिफारसपत्रे मागविली जातात. संशोधन-निवेदनात झालेल्या कामाइतकेच पुढील तीन ते पाच वर्षांच्या प्रश्नांना महत्त्व असते. उमेदवाराचा प्रश्न आणि कंपनीचा व्यवसाय यांचा संबंध त्यात दिसावा लागतो.

आ) प्रकाशने : संगणकशास्त्रात अग्रगण्य परिषदांच्या इतिवृत्तात आलेला निबंध बहुधा संशोधनपत्रिकेतील लेखाएवढा, किंबहुना अधिक मोलाचा मानला जातो. या परिषदांत संपूर्ण निबंधाचे तज्ज्ञांकडून परीक्षण होते. निबंधांच्या संख्येपेक्षा एखाद्या निबंधाने नेमके काय सिद्ध केले, याकडे निवड समिती पाहते. शुल्क घेऊन परीक्षणाविना छापणाऱ्या नियतकालिकांतील लेखांची लांबलचक यादी उमेदवाराच्या विरोधातच जाते.

इ) संशोधन-व्याख्यान : प्राथमिक संवादानंतर उमेदवारास प्रयोगशाळेत बोलावून सुमारे तासाभराचे व्याख्यान देण्यास सांगितले जाते. श्रोत्यांत त्या विषयाचे तज्ज्ञ तसेच अन्य शाखांचे संशोधकही असतात. पहिल्या काही मिनिटांत प्रश्नाचे महत्त्व सर्वांना समजावे व नंतर तज्ज्ञांचे समाधान होईल इतक्या खोलात जावे, अशी दुहेरी अपेक्षा असते. व्याख्यान चालू असतानाच प्रश्न विचारले जातात. अशा वेळी ‘हे अद्याप तपासलेले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणे ओढूनताणून दिलेल्या उत्तरापेक्षा श्रेयस्कर ठरते.

ई) व्यक्तिगत भेटी : व्याख्यानाच्या दिवशीच अनेक संशोधकांशी स्वतंत्र भेटी होतात. काही कंपन्या आज्ञावली-लेखनाची चाचणीही घेतात. या भेटींत उमेदवाराची परीक्षा होते, तसेच प्रयोगशाळेविषयी माहिती मिळविण्याची संधीही त्याला लाभते. प्रकाशनास परवानगी कोण देतो, संशोधकांनी अलीकडे काय प्रसिद्ध केले, विषय कोण ठरवितो, हे प्रश्न उमेदवाराने अवश्य विचारावेत.

या सर्व टप्प्यांच्या आधीचा, परंतु जाहिरातीत न दिसणारा टप्पा म्हणजे इंटर्नशिप होय. पीएच.डी.च्या काळात काही महिने प्रयोगशाळेत काम केलेल्या विद्यार्थ्याची पात्रता तेथील संशोधकांनी प्रत्यक्ष पाहिलेली असते. त्यामुळे पदाचा शोध प्रबंध सादर केल्यावर सुरू करणे उशिराचे ठरते.

६. प्रकाशन, पेटंट व गुप्तता

उद्योगातील संशोधकासमोरचा सर्वांत कठीण प्रश्न ज्ञानाच्या मालकीचा असतो. डॉ. नरेंद्र करमरकर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ग्वाल्हेर येथे मराठी कुटुंबात जन्मलेल्या करमरकर यांनी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून १९७८ मध्ये पदवी व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९८३ मध्ये पीएच.डी. मिळविली. एटी अँड टीच्या बेल प्रयोगशाळेत असताना १९८४ मध्ये त्यांनी रेषीय आयोजनाची, म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंगची, नवी पद्धती मांडली.

मर्यादित साधनांचे सर्वोत्तम वाटप कसे करावे, हा रेषीय आयोजनाचा विषय आहे. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धती शक्य उत्तरांच्या बहुपृष्ठकाच्या कडेकडेने, एका शिरोबिंदूवरून दुसऱ्याकडे जाते. व्यवहारात ती वेगवान असली, तरी काही उदाहरणांत तिला लागणारा वेळ घातांकी गतीने वाढतो, हे १९७२ मध्ये दाखविले गेले. लिओनिद खाचियान यांच्या १९७९ च्या पद्धतीने बहुपदी वेळेची सैद्धान्तिक हमी दिली. परंतु प्रत्यक्ष गणनेत ती संथ ठरली. करमरकर यांची पद्धती बहुपृष्ठकाच्या अंतर्भागातून वाट काढते. सैद्धान्तिक हमी आणि व्यावहारिक वेग या दोहोंची सांगड तिने घातली.

विमानसेवा व दूरध्वनी जाळ्यांच्या नियोजनात या पद्धतीचे आर्थिक मूल्य उघड होते. एटी अँड टीने तिचे पेटंट घेतले. ते १९८८ मध्ये मंजूर झाले. त्याच सुमारास या पद्धतीवर आधारलेली कॉर्बक्स ही संगणकप्रणाली विक्रीस आली. प्रारंभीच्या काळात प्रत्यक्ष गणनेचे तपशील खुले न केल्याने वेगाचे दावे इतरांना तपासता येत नाहीत, असा आक्षेप गणितज्ञांनी घेतला. गणिती पद्धतीचे पेटंट असावे काय, यावरही मोठा वाद झाला. दरम्यान १९८६ मध्ये अन्य संशोधकांनी ही पद्धती आणि १९६० च्या दशकातील लॉगॅरिदमीय अवरोध पद्धती यांचे नाते दाखवून दिले. पुढे अंतर्बिंदू पद्धतींचे जे विशाल क्षेत्र विकसित झाले, ते खुल्या चर्चेमुळेच होय. करमरकर यांना २००० मध्ये पॅरिस कॅनेलाकिस पुरस्काराने गौरविण्यात आले.

या घटनेतून कंपनीला दोष देऊन थांबणे एकांगी ठरेल. बेल प्रयोगशाळेने संशोधकास वेळ व स्वातंत्र्य दिले आणि मूळ निबंध प्रसिद्धही होऊ दिला. तथापि, संशोधनाचे फलित कोणाचे व ते केव्हा खुले होईल, याचा अंतिम निर्णय संशोधकाच्या हाती राहत नाही. नियुक्तिपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी उमेदवाराने हे समजून घेतले पाहिजे.

७. अस्थैर्य आणि बदलती पात्रता

महाविद्यालयीन सेवेत कायम नियुक्तीचे संरक्षण असते. औद्योगिक प्रयोगशाळेत तसे नसते. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१४ मध्ये आपली सिलिकॉन व्हॅली प्रयोगशाळा बंद केली. त्याच वर्षी तेथील लेस्ली लॅम्पोर्ट यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा २०१३ चा ट्युरिंग पुरस्कार जाहीर झालेला होता. अर्थात संशोधनाचा दर्जा ही प्रयोगशाळेच्या अस्तित्वाची हमी नव्हे. बेल प्रयोगशाळेची मालकीही १९९६ मध्ये ल्युसेंट, २००६ मध्ये अल्काटेल-ल्युसेंट व २०१६ मध्ये नोकिया अशी बदलत गेली. संशोधकाला अशा प्रसंगी त्याची प्रकाशनेच आधार देतात, कारण ती कंपनीबाहेरही त्याची ओळख टिकवून ठेवतात.

पीएच.डी. हीच प्रवेशाची अट आहे काय, हा प्रश्न अलीकडे अधिक विचारला जातो. बहुतांश संशोधन-पदांसाठी ती अपेक्षित असते. परंतु संशोधक अभियंता या पदामुळे दुसरा दरवाजाही उघडला आहे. गूगलमधील आठ संशोधकांच्या २०१७ च्या ज्या शोधनिबंधाने ट्रान्सफॉर्मर ही रचना मांडली आणि आजच्या भाषिक प्रारूपांचा पाया घातला, त्याच्या लेखकांत निकी परमार यांचा समावेश होता. पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कम्प्युटर टेक्नॉलॉजी या पुण्यातील महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले होते, पीएच.डी. त्यांच्याजवळ नव्हती. या उदाहरणास सर्वसाधारण नियम मानता येणार नाही. तथापि, महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयातून निघालेली वाट अशा कामापर्यंत जाऊ शकते, हे त्यावरून सिद्ध होते.

परतीचा मार्गही विचारात घ्यावा. डॉ. आनंद देशपांडे यांनी इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. घेऊन ह्यूलेट-पॅकार्डच्या पालो अल्टो येथील प्रयोगशाळेत काम केले व १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्सची स्थापना केली. औद्योगिक संशोधनाचा अनुभव अध्यापन व उद्योजकता या दोन्ही दिशांना उपयोगी पडतो, हे रासकर आणि देशपांडे यांच्या वाटचालीतून दिसते.

८. महाविद्यालयीन प्राध्यापकांची भूमिका

पहिली जबाबदारी शिफारसपत्राची आहे. ‘विद्यार्थी मेहनती, नम्र व नियमित आहे’ या आशयाचे पत्र हेतूने चांगले असले, तरी निवड समितीस त्यातून काहीच कळत नाही. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न हाती घेतला, कोठे अडला, मार्ग कसा शोधला आणि त्यात त्याचा स्वतःचा वाटा किती होता, हे लिहिलेले एक पानही अधिक प्रभावी ठरते. विद्यार्थ्यानेच मसुदा तयार करून आणावा व प्राध्यापकांनी त्यावर स्वाक्षरी करावी, ही रूढ प्रथा विद्यार्थ्याचे नुकसान करते. दोन विद्यार्थ्यांची पत्रे शब्दशः सारखी आढळली, तर दोघांचीही विश्वासार्हता संपते.

दुसरी जबाबदारी अंतिम वर्षाच्या प्रकल्पाविषयीची आहे. ग्रंथालय व्यवस्थापन किंवा हजेरी प्रणाली यांसारख्या प्रकल्पांतून आज्ञावली-लेखनाचा सराव होतो, पण अनुत्तरित प्रश्न त्यात नसतो. नाशिकला असे प्रश्न दूर शोधावे लागत नाहीत. २००३ च्या सिंहस्थात नाशिक येथे झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. २०१५ च्या सिंहस्थाच्या पूर्वतयारीत रासकर यांच्या सहभागाने कुंभथॉन हा उपक्रम नाशिकमध्ये झाला. पावलांच्या दाबावरून गर्दी मोजणारी चटई नाशिकच्या तरुणांनी याच काळात विकसित केली. या प्रयत्नांतूनच पुढे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या साहाय्याने डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे केंद्र शहरात उभे राहिले. द्वारका चौकातील वाहनांचा प्रवाह, लासलगावच्या बाजारातील कांद्याची प्रतवारी किंवा द्राक्षवेलीवरील रोगाची प्रतिमेवरून ओळख हेही संशोधनाचे विषय होऊ शकतात. ‘प्रणाली तयार केली’ एवढ्यावर न थांबता ‘तिची चूक किती व का होते’ हे मोजले, की प्रकल्पाचे रूपांतर संशोधनात होऊ लागते.

तिसरी बाब प्रकाशनाच्या निकषांची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीतील कामगिरी निर्देशांकात संशोधनपत्रिकेतील लेखास परिषदेतील निबंधापेक्षा अधिक गुण होते. प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी हा विचार स्वाभाविक होता; परंतु संगणकशास्त्रातील संशोधन-पदाचे निकष निराळे आहेत. प्राध्यापकांनी स्वतःच्या गरजेसाठी विद्यार्थ्याचे काम घाईने अपरिचित नियतकालिकात छापले, तर ते चांगल्या परिषदेत सादर करण्याची त्याची संधी नष्ट होते. येथे मार्गदर्शक व विद्यार्थी यांच्या हितांत विरोध निर्माण होऊ शकतो, हे मोकळेपणाने मान्य करणे इष्ट आहे.

चौथी बाब वाचनाची. आठवड्यातून एक तास एकच शोधनिबंध चार-पाच विद्यार्थ्यांसह वाचण्यास निधी, प्रयोगशाळा किंवा परवानगी यांपैकी काहीही लागत नाही. दुसऱ्याचे काम परखडपणे तपासण्याची व इंग्रजीत आपले म्हणणे नेमकेपणाने मांडण्याची सवय त्यातून लागते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला भाषेचा जो संकोच वाटतो, तोही अशा छोट्या गटात प्रथम मराठीत चर्चा करून व मग इंग्रजीत मांडणी करून कमी होऊ शकतो.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) औद्योगिक संशोधन-पद ही सॉफ्टवेअर नोकरीची वरची पायरी नसून स्वतंत्र निकष असलेला वेगळा व्यवसाय आहे.

२) निवडीत प्रकाशनांचा दर्जा, शिफारसपत्रे, संशोधन-व्याख्यान व पूर्वीची इंटर्नशिप हे घटक निर्णायक असतात, त्यांची तयारी पदवीच्या काळापासून करावी लागते.

३) या पदात स्वातंत्र्य व साधने मिळतात. मात्र ज्ञानाची मालकी व नोकरीचे स्थैर्य यांबाबत तडजोड स्वीकारावी लागते. विद्यार्थ्याला दोन्ही बाजू सांगणे आवश्यक आहे.

४) नाशिकसारख्या शहरातील विद्यार्थ्यासाठी हा मार्ग अशक्य नाही. त्याच्या पहिल्या टप्प्यावर प्राध्यापकांनी निवडलेला एक प्रश्न व काळजीपूर्वक लिहिलेले एक शिफारसपत्र यांचे मोल फार मोठे आहे.

द्वारकेहून पुण्याची किंवा मुंबईची वाट धरणाऱ्या विद्यार्थ्याने कोठे जावे हे प्राध्यापकांनी ठरवावे, अशी अपेक्षा नाही. रस्ते दोनच नसून तिसराही आहे, एवढे त्याला निघण्यापूर्वी कळलेले असावे.